नागपूरकर भोसल्यांची फिरंग : ऐतिहासिक शस्त्राच्या मूल्यनिश्चितीचा प्रश्न

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची म्हणून लंडन येथील सदबीज संस्थेच्या लिलावात आलेली तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये मध्यस्थामार्फत संपादन केली. हाताळणी, वाहतूक व विमा धरून तीस ४७.१५ लक्ष रुपये खर्च आला. त्याच वर्षी १८ ऑगस्ट रोजी ती मुंबईत पोहोचली. हा आकडा तिची किंमत सांगतो. तिचे ऐतिहासिक मूल्य मात्र निराळ्या कसोट्यांवर ठरवावे लागते.

पहिली कसोटी घडणीची. जुन्या रिव्हॉल्व्हरची पारख करताना त्याच्या निरनिराळ्या भागांवरील क्रमांक परस्परांशी जुळतात की नाही हे पाहतात. तलवारीच्या बाबतीत पाते, मूठ व लेख यांचा मेळ पाहावा लागतो. प्रस्तुत तलवार ‘फिरंग’ या प्रकारातील आहे. तिचे सरळ, एकधारी पाते युरोपीय बनावटीचे असून मूठ मुल्हेरी घाटाची व सोन्याच्या कोफ्तगारी कामाने सजविलेली आहे. पाते परदेशी आणि मूठ देशी, ही विसंगती नव्हे. अठराव्या शतकातील शस्त्रव्यापाराचाच तो पुरावा होय.

दुसरी कसोटी लेखाची. पात्याच्या पाठीजवळ देवनागरीत राघोजी भोसले हे नाव व ‘सेनासाहेब सुभा’ हे पद सुवर्णाक्षरांत आहे. मराठा शस्त्रांवर असा लेख विरळाच आढळतो. म्हणूनच त्याचे महत्त्व मोठे. तथापि येथेच सावधगिरी अवश्य आहे. पहिले रघुजी १७५५ मध्ये निवर्तले. परंतु १८१६ पर्यंत राज्य करणाऱ्या दुसऱ्या रघुजींचेही नाव व पद हेच होते. तेव्हा केवळ नाव व पद यांवरून स्वामित्वाचा निर्णय होत नाही. पात्याचा काळ, मुठीची घडण व अक्षरांचे वळण यांची जोड त्यास द्यावी लागते.

तिसरी कसोटी हस्तांतराची. नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर झालेल्या लुटीत अथवा भेटीदाखल ही तलवार बाहेर गेली असावी, असा तर्क शासनाने मांडला आहे. परंतु नागपूरची संपत्ती एकदाच हलली नाही. तिसरे रघुजी १८५३ मध्ये निवर्तल्यावर डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास विक्रीस गेले व हत्ती, घोडे, बैल यांचा लिलाव झाला. त्यामुळे १८१७ हे साल संभाव्य ठरते, सिद्ध ठरत नाही.

लिलावात बोली बहुधा नावावर चढते. संशोधकाने मात्र त्या नावामागील पुरावाच प्रथम तोलला पाहिजे. राज्याबाहेर गेलेली वस्तू परत आणण्यास द्रव्य पुरते. तिला इतिहासात तिचे नेमके स्थान देण्यास चिकित्साच लागते.