पेंढाऱ्यांनी तलवार ठेवली, त्यानंतर

माझा आतेभाऊ गेल्या वर्षी फौजेतून परत आला. तोफखान्यात सतरा वर्षं काढून, हवालदार म्हणून. गाव कागलच्या पुढे. पहिले पंधरा दिवस दावती झाल्या आणि सोळाव्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं बँकेत गार्ड हो, कुणी म्हणालं पेन्शनच्या पैशातून म्हशी घे, एकाने तर आखाताचा एजंटच घरी आणला. ईदला भेटला तेव्हा शीरखुर्म्याची वाटी हातात धरून म्हणाला, "भाई, बंदूक सोडून मला दुसरं काय येतं?"

त्याचं आडनाव पेंढारी. आमची आत्या त्या घरात दिलेली. सातवीत इतिहासाच्या तासाला पेंढाऱ्यांचा धडा आला, तेव्हा सगळा वर्ग मागे वळून त्याच्याकडे बघत होता. शिक्षकही हसले होते. पुढे बराकीतही या आडनावावरून थट्टा झालीच. त्याचा प्रश्न ऐकला तेव्हा मला वाटलं, हाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी माळव्यात हजारो माणसांसमोर एकाच हंगामात येऊन उभा राहिला होता आणि त्यांना पेंढारीच म्हणत होते. त्यांचं पुढे काय झालं, हे आमच्या धड्यात नव्हतं. धडा त्यांच्या बंदोबस्ताशी संपत होता.

आधी एक गोष्ट साफ करतो. पेंढारी ही जात नव्हती आणि मजहबही नव्हता. पठाण होते, मेवाती होते, जाट होते, मराठे होते. सरदारांत मुसलमान जास्त म्हणून नाव आपल्याला चिकटलं. मराठ्यांच्या फौजेबरोबर चालणारे हे बिनपगारी स्वार. शिंद्यांकडचे ते शिंदेशाही, होळकरांकडचे ते होळकरशाही. सरकार पगार देत नसे, उलट लुटीतून पालपट्टी घेत असे. म्हणजे लूट हा त्या लष्करी व्यवस्थेचा हिशेबात धरलेला भाग होता. शत्रूचा चारा, धान्य, गुरं उचलून त्याला खिळखिळा करायचं, हे काम त्यांच्याकडे होतं.

मग १८०३ ते १८०५ च्या लढाया झाल्या. शिंदे आणि होळकर दोघांचाही मुलूख गेला, उत्पन्न गेलं. तैनाती फौजेच्या तहांनी इतर संस्थानिकांनाही आपापल्या फौजा कमी कराव्या लागल्या. या कमी झालेल्या फौजांमधला घोडेस्वार कुठे गेला असेल? शेत नाही, कसब नाही, घोडा मात्र खायला मागतो. तो पेंढाऱ्यांत गेला. कंपनी सरकार ज्यांना पुढे हिंदुस्थानचा रोग म्हणू लागलं, त्यातला मोठा भाग कंपनीच्याच तहांनी बेकार केलेल्या शिपायांचा होता.

याचा अर्थ त्यांना धुऊन काढावं असा नाही. आपल्यात अलीकडे एक सवय लागली आहे: इतिहासात मुसलमान नाव दिसलं की त्याला एकतर राक्षस करायचं, नाहीतर त्याच्या बचावाला धावायचं. १८१६ साली पेंढारी गुंटूरच्या बाजूला उतरले. बारा दिवसही झाले नसतील, तेवढ्यात ३३९ गावं लुटली गेली, १८२ माणसं मारली गेली, ५०५ जखमी झाली आणि ३,६०३ जणांचे हालहाल केले गेले. ही मोजणी कंपनीच्या चौकशीतली आहे हे खरं. पण गावकऱ्यांच्या तोंडात गरम राखेचे तोबरे बांधून पैसा कुठे पुरला ते विचारणारी माणसं होती, हे नाकारता येणार नाही.

१८१७ च्या पावसाळ्यानंतर गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने लाखाहून जास्त फौज उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून माळव्यावर चालवली. नाव पेंढाऱ्यांचं होतं. त्याच मोहिमेत पेशवाई, नागपूरकर भोसले आणि होळकर तिन्ही संपले किंवा वाकले.

सगळ्यात आधी वाट निवडली ती अमीर खानने. शालेय पुस्तकं त्याला पेंढारी म्हणतात, पण तो होता पठाण सरदार, संभलचा. पदरी पलटणी आणि तोफा होत्या आणि १७९९ पासून तो यशवंतराव होळकरांचा साथीदार होता. माणूस स्वच्छ नव्हता. उदेपूरच्या राजकन्या कृष्णाकुमारीला १८१० मध्ये विष घ्यावं लागलं, त्या दबावात त्याचा हात होता. पण त्याची अडचण समजून घेण्यासारखी आहे. फौज मोठी, खजिना रिकामा. पगार थकला की त्याचेच शिपाई त्याच्या तंबूसमोर धरणं धरून बसत, त्याला अडकवून ठेवत. आपल्याच फौजेचा कैदी झालेला सेनापती! ९ नोव्हेंबर १८१७ ला दिल्लीत त्याच्या वकिलाने कंपनीशी तह केला. होळकरांनी दिलेला मुलूख त्याच्याकडे राहील, तोफा कंपनीला द्यायच्या, फौज मोडायची. तो टोंकचा नवाब झाला. त्याचा मेहुणा गफूर खान होळकरांच्या दरबारात होता. महिदपूरच्या लढाईनंतर मंदसोरच्या तहात त्याला जावरा मिळालं. महिदपूरला त्याने दगा दिला असा आरोप होळकरांच्या बाजूने कायम होत राहिला.

अमीर खानचे शिपाई मात्र सहज घरी जाणारे नव्हते. थकलेला पगार आधी हवा होता. जनरल ऑक्टरलोनीची फौज त्यांच्या छावण्यांच्या मध्ये येऊन बसली, तेव्हा हळूहळू पलटणी मोडल्या. काही जणांना कंपनीने आपल्या चाकरीत घेतलं. म्हणजे काल ज्यांच्याशी लढायचं होतं, आज त्यांचाच पगार. मी याला गद्दारी म्हणायला तयार नाही. पोट आणि निष्ठा यांचा हिशेब त्या काळातल्या शिपायाने आपल्यापेक्षा उघडपणे मांडला होता.

करीम खानने फेब्रुवारी १८१८ मध्ये जॉन माल्कमच्या हवाली स्वतःला केलं. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली आणि भोपाळकडचा हा घोडेस्वार तिथे जमीनदार होऊन राहिला. वासिल मुहंमद शिंद्यांच्या आसऱ्याला ग्वाल्हेरला गेला. शिंद्यांनी त्याला इंग्रजांकडे दिलं. गाझीपूरला नजरकैदेत असताना त्याने पळायचा प्रयत्न केला, तो फसला आणि त्याने विष घेतलं.

मला सगळ्यात जास्त चटका लावतो तो चीतू. माल्कमने लिहून ठेवलंय की तो जन्माने मेवातकडचा जाट, दुष्काळात विकला गेलेला पोर. पेंढारी सरदाराने विकत घेतला आणि पुढे मुलगाच मानला. शरणागतीची बोलणी त्यानेही केली. त्याला आपल्या माणसांसह चाकरी हवी होती, भोपाळच्या बाजूला जहागीर हवी होती. इंग्रज जिवाची हमी द्यायला तयार होते, पण दूर हिंदुस्थानात नेऊन ठेवणार म्हणाले. त्याच्या मनात एकच भीती बसली, काळ्या पाण्याची. आपल्याला समुद्रापार टाकतील. तो परत फिरला. नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांबरोबर काही काळ भटकला. असिरगडचं दार त्याच्यासाठी उघडलं नाही. १८१९ च्या सुरुवातीला जंगलात वाघाने त्याला खाल्लं. खोगीर चढवलेला घोडा एकटाच चरताना दिसला, त्यावरून शोध लागला. मुलाने बापाचं शिर ओळखलं.

अमीर खानच्या छावणीत आणखी एक स्वार होता, रायबरेलीचा सय्यद अहमद. धन्याने तह केल्यावर त्याने चाकरी सोडली आणि तो दिल्लीला शाह अब्दुल अझीझ यांच्याकडे गेला. शिपायाचा पीर झाला. हजहून आल्यावर १८२६ मध्ये काफिला घेऊन सरहद्दीकडे निघाला. वाटेत ग्वाल्हेर आणि टोंक लागलं. ग्वाल्हेरच्या हिंदुराव घाटग्यांना त्याने परक्या व्यापाऱ्यांच्या राज्याविरुद्ध मदत मागणारं पत्रही लिहिलं होतं. हे हिंदुराव म्हणजे बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, आमच्या कागलचे. दिल्लीतलं हिंदुराव हॉस्पिटल त्यांच्याच नावाचं. पेशावरकडे सय्यद अहमदने राज्य मांडलं, पण पठाण टोळ्यांच्या चालीरीतींवर आपली शरियत लादायला गेला आणि त्याच टोळ्या उलटल्या. ६ मे १८३१ ला बालाकोटला शिखांच्या फौजेशी लढताना तो मारला गेला. त्याच्या जिद्दीचा मान ठेवूनही मला वाटतं, छावणीची शिस्त समाजाला लावता येते हा त्याचा समज चुकीचा होता.

त्याच्या मागे राहिलेल्यांना कुणी आसरा दिला? टोंकने. अमीर खानचा मुलगा वजीरुद्दौला सय्यद अहमदचा मुरीद होता. १८३४ मध्ये बाप गेला, तो नवाब झाला आणि त्याने काफिल्यातल्या घरांना टोंकमध्ये वसवलं. बापाने ज्या तहावर सही केली, तो न मानणाऱ्यांची मुलंबाळं त्याच तहाने मिळालेल्या गावात वाढली. १८५८ मध्ये तात्या टोपे टोंकवर आला तेव्हा नवाब इंग्रजांशी इमान राखून किल्ल्यात बसला. समोर पाठवलेले त्याचे शिपाई मात्र तोफांसह तात्याला जाऊन मिळाले.

हे सगळं मी आतेभावाला दोन-तीन बैठकांत सांगितलं. चीतूचं ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "भाई, ये तो सरदार लोगां हुए. साध्या स्वारांचं काय झालं?"

माल्कमने त्यांच्याबद्दलही लिहिलंय. ते माळव्याच्या गावांत मिसळून गेले, बहुतेकांनी नांगर धरला आणि त्यातले काही चांगले शेतकरी निघाले. घोडे विकले असतील, बैल घेतले असतील. त्यांची नावं कुठल्या तहात नाहीत.

"म्हणजे म्हशीच," तो म्हणाला आणि हसला. त्याने म्हशी घेतल्या नाहीत. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या गावातल्या पोरांना तो पहाटे पाचला माळावर पळवतो. सुरुवातीला सहा जण होते, आता तीसेक आहेत, चार मुलीसुद्धा. फी ठरवायची राहिलीच आहे. आत्या त्यावरून रोज बोलते. पोरं त्याला पेंढारी सर म्हणतात.