भुरी: मांडवाच्या सावलीतला रोग

परसातल्या द्राक्षवेलीवर पांढरी भुकटी दिसली की आधी विचारले जाते ते औषधाचे नाव. माझ्या मते आधी पाहायला हवे ते हे की ही बुरशी वेलीवर नेमकी कुठे आणि कशा हवेत जगते.

भुरीची बुरशी, एरिसायफी नेकॅटर, कोरड्या पानावर वाढते. केवडा या वेलीवरच्या दुसऱ्या रोगाला पान ओले लागते. भुरीचे बीजाणू मात्र साचलेल्या पाण्यात बरेचदा फुटून जातात. हवेत दमटपणा, 20 ते 27 अंशांची ऊब आणि मंद उजेड एवढे तिला पुरते. 35 अंशांपुढे तिची वाढ थांबते, थेट ऊनही सोसत नाही. घरची वेल आपण मांडवावर चढवतो ती बहुधा सावलीसाठीच, आणि ती दाट सावली भुरीला मानवते.

ही बुरशी सालीवरच पसरते. तिची शोषक मुळे वरच्या एका थरातल्या पेशींतच शिरतात. त्या पेशी मेल्या की साल ताणेनाशी होते. आतला गर मात्र वाढत राहतो आणि मणी तडकतो. तडकलेला मणी कशानेच सांधत नाही. मणी सर्वांत नाजूक असतो तो फुलोऱ्यापासून मणी धरल्यावर तीन-चार आठवड्यांपर्यंत. पुढे तो बराचसा निबर होतो. पाने आणि घडाचे देठ मात्र नंतरही बळी पडतात. वाटाण्याएवढे मणी पांढरे दिसल्यावर पंप शोधणाऱ्याचा खरा हंगाम निघून गेलेला असतो.

युरोपात हा रोग प्रथम नोंदवला गेला तो 1845 मध्ये, इंग्लंडमधल्या मार्गेट इथे. टकर नावाच्या माळ्याने तो काचघरातल्या द्राक्षांवर पाहिला आणि गंधक व चुना वापरून आटोक्यातही आणला. बुरशी उघड्यावर वाढत असल्याने गंधकाचा स्पर्श आणि वाफ तिच्यापर्यंत सहज पोचते. म्हणूनच ते आजही उपयोगी पडते.

तरीही सुरुवात कात्रीने करावी. बगलफुटी काढाव्यात, घडाभोवतीची पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूने विरळ करावीत. मग 80 टक्क्यांचे पाण्यात मिसळणारे गंधक, लिटरला साधारण 2 ग्रॅम, पानांच्या दोन्ही बाजूंना बसेल असे फवारावे. पहिला हात फुले उमलण्यापूर्वी, पुढचे आठ-दहा दिवसांच्या अंतराने. पारा 32 अंशांवर असेल तर फवारू नये, पाने करपतात. निंबोळी तेल मारले असेल तर दोन आठवडे गंधकाला हात लावू नये. घरच्या बागेत ही चूक फार होते. फवारताना नाक-डोळे झाकावेत आणि पाकिटावरची सूचना अंतिम मानावी.

दिसणारी भुरी मारायला पोटॅशियम बायकार्बोनेट, लिटरला 5 ग्रॅम, चांगले; पण त्याचा असर टिकत नाही. नऊ भाग पाण्यात एक भाग दूध हा उपायही काम करतो, मात्र उन्हात, आणि रोग थोडा असतानाच.

आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही. हिरव्या पानांवर आणि डोळ्यांत बुरशी तग धरते. एप्रिलच्या खरड छाटणीत करड्या-तपकिरी डागांच्या काड्या काढून टाकाव्यात आणि त्या वेलीखाली पडू देऊ नयेत.