दहाच्या आतली फोड

लहान मुलाला संख्येची ओळख दोन वाटांनी करून देता येते. एक वाट मोजणीची: एक, दोन, तीन म्हणत पुढे जायचे. दुसरी फोडीची: पाच म्हणजे चार आणि एक, तसेच तीन आणि दोन, हे वस्तू मांडून पाहायचे. युरोपातल्या शाळांत अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अंकगणित म्हणजे मुख्यतः पाठ केलेले नियम आणि पाटीवरची आकडेमोड होती. फोडीला तिथे वेगळी जागा नव्हती.

स्वित्झर्लंडच्या योहान हाइनरिश पेस्टालोझीने १८०० च्या सुमारास बुर्गडॉर्फच्या शाळेत हा क्रम उलटवला. आधी खडे आणि वाटाणे, अंकचिन्हे मागाहून. १८०३ मध्ये निघालेल्या त्याच्या तक्त्यांत चौकटीचौकटींत रेघा होत्या, त्यांच्याकडे पाहून मुलांनी संख्यांचे नाते सांगायचे. पुढे तेच तक्ते घोकले जाऊ लागले. जर्मनीत एर्न्स्ट टिलिखने लाकडी ठोकळे केले. सर्वांत लहान ठोकळ्याच्या दुप्पट, तिप्पट करत दहापटीपर्यंत त्यांची लांबी वाढत जाई, त्यामुळे एकापुढे एक ठेवलेले तीन आणि चार साताला भिडलेले दिसत.

फोडीवरच सगळी शिकवणी उभी केली ती आउगुस्ट विल्हेल्म ग्रुबेने. १८४२ च्या त्याच्या पुस्तकानुसार पहिले अख्खे वर्ष एक ते दहा या संख्यांना द्यायचे आणि एका संख्येचे सारे अंग कळल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. चार घेतले की तीन आणि एक, दोन आणि दोन, चारातून एक गेला की तीन, दोन दुणे चार, चाराचे निम्मे दोन. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एकाच धड्यात. १८७० मध्ये सेंट लुईसच्या लुई सोल्डनने ही पद्धत अमेरिकेतल्या शिक्षकांपुढे मांडली आणि ती तिथे चांगलीच फोफावली. १८९५ मध्ये मॅक्लेलन आणि जॉन ड्युई यांनी तिच्यावर कडक टीका केली. संख्या मापण्याच्या गरजेतून उमगते, ठरावीक पुंजक्याकडे टक लावून नव्हे, असे त्यांचे म्हणणे. टीका रास्त होती. वीस-तीसपर्यंत सहज मोजणाऱ्या मुलाला महिनोन्‌महिने चार-पाचातच घोळवणे म्हणजे त्याची उत्सुकता मारणे. तरीही लहान संख्या आतून ओळखीची असली पाहिजे, हा ग्रुबेचा आग्रह खराच होता.

मारिया माँटेसरीने तो कंटाळा टाळला. रोममध्ये १९०७ साली सुरू झालेल्या तिच्या बालगृहातल्या दहा दांड्या १० सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंतच्या, दर १० सेंटिमीटरला लाल-निळे पट्टे असलेल्या. मूल नवाला एक जोडते, आठाला दोन, साताला तीन, सहाला चार. प्रत्येक जोडी दहाच्या दांडीइतकी भरते. पाच एकटी उरते; ती उलटून पुढे टाकली की तीही दहाच्या टोकाला पोचते. महाराष्ट्रात ही दृष्टी रुजवण्यात ताराबाई मोडकांचा मोठा वाटा आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केल्यावर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून परिसरातल्या साध्या वस्तू साधने झाल्या.

बेल्जियमच्या त्यूँ गावातले शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी १९५२ मध्ये आपल्या रंगीत कांड्यांवर पुस्तिका काढली. पांढरी एक सेंटिमीटरची, लाल दोन, पिवळी पाच, नारिंगी दहा. त्यांच्यावर आकडा नाही, खूणही नाही. मुलाने लांबीच जोखायची. पिवळीशेजारी इतर कांड्या लावून तिच्याइतकी लांबी भरायला बसवले की लाल-हिरवी, हिरवी-लाल, पांढरी-जांभळी अशा ओळी तयार होतात. क्रम बदलला की वेगळी ओळ धरली, तर खुद्द पिवळीसह पाचाच्या अशा १६ ओळी होतात. कॅलेब गट्टेन्योने १९५३ नंतर या कांड्या देशोदेशी नेल्या.

सिंगापूरच्या १९८० च्या दशकातल्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांनी फोड कागदावर आणली. एका वर्तुळात पूर्ण संख्या, रेघांनी जोडलेल्या दोन वर्तुळांत तिचे भाग. त्याला नंबर बाँड म्हणतात. त्याचा खरा उपयोग दहा ओलांडताना होतो. आठात पाच मिळवताना मूल पाचाचे दोन आणि तीन करते, दोनाने आठाचे दहा भरते आणि उरलेल्या तिनासह तेरावर येते. बोटे मोजत बसावे लागत नाही.