शिबिराचे ताट

साताऱ्या-सांगलीकडे ‘शिबीर’ म्हटले की शिट्टी, कवायत, बौद्धिक, श्रमदान आणि रात्रीचे कलापथक एवढे सगळे त्या एका शब्दात येते. हा दिनक्रम आला कोठून, असे विचारले तर बहुतेक जण राष्ट्र सेवा दलाचे नाव घेतील, आणि ते अर्धे बरोबरही आहे. ४ जून १९४१ रोजी एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. दोनेक वर्षांत अखंड सातारा जिल्ह्यात इंग्रजी सत्तेला समांतर असे प्रतिसरकार उभे राहिले (दक्षिण सातारा, म्हणजे आजची सांगली, १९४९ मध्ये वेगळी झाली), तेव्हा सेवा दलाच्या शाखांत तयार झालेली पोरे त्याच्या कामी आली. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेमुळे, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलामुळे तर कवायतीला या मुलखात वेगळीच झळाळी चढली. तरी मला वाटते, कवायत हा शिबिराचा गणवेश झाला. त्याचा कणा आहे पंगत आणि अंगमेहनत, आणि तो कणा साताऱ्यात सेवा दलाच्या बराच आधी घडला होता.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एका छपराखाली राहायची, पाळीपाळीने रांधायची, एकाच पंगतीला जेवायची आणि शिक्षणाची भरपाई कष्टाने करायची. फेब्रुवारी १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. पुढच्याच महिन्यात महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की साताऱ्यातल्या त्या पंगतीचे मोल कळते. एका भाकरीतून जे साधत होते, ते शंभर बौद्धिकांनी साधले नसते.

वसतिगृह म्हणजे शिबीर नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. खरे आहे, वसतिगृहातला मुलगा गरजेपोटी वर्षभर राहतो, शिबिरातला हौसेने आठवडाभर. पण घरी सोवळे-ओवळे पाळणाऱ्या मुलाला जातीबाहेरच्या हातचे जेवायला लावायचे, तर घरापासून दूर काढलेला आठवडाही पुरतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हा सगळा साचा उसना आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर मुलांचा तळ ठोकला होता, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे उन्हाळी वर्ग १९२७ पासून भरत होते, आणि संघाकडे ओढली जाणारी मुले आपल्याकडे यावीत हाही सेवा दलाचा एक हेतू होता. शिट्टी आणि खाकी चड्डी उसनी, हे मान्यच. मात्र स्काउट गावापासून लांब, रानात जातो. इथले शिबीर गावात शिरते, शाळेच्या ओसरीवर मुक्काम करते आणि गावाच्याच बांधावर कुदळ चालवते.

ही कुदळ नुसती दिखाऊ असते, असेही म्हणतात. हौशी पोरांनी आठ दिवसांत खणलेला चर पहिल्या वळवात बुजतो, ही टीका अनेकदा खरीही ठरते. पण शिबीर उन्हाळ्यातच का भरते, हे पाहिले पाहिजे. शाळेची सुट्टी हे निम्मेच कारण. रब्बीची मळणी उरकलेली, मृगाला अवकाश, रान मोकळे आणि हात रिकामे. माण, खटाव, आटपाडी, जत अशा दुष्काळी पट्ट्यात माती अडवायची तर ती याच दिवसांत. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली तीही एप्रिल-मेच्या उन्हातच, आणि पहिला आला तो कोरेगाव तालुक्यातला वेळू. तिथे ना शिट्टी होती ना गणवेश. टिकाव, घमेली आणि माणसांची रांग होती.