मीठ, पीठ आणि पाण्याची वाट

घराच्या तळघरात एका कोपऱ्यात पाणी साचू लागलं, की आपण पहिल्यांदा त्याच कोपऱ्याकडे पाहतो. गिलावा खरवडतो, सिमेंट भरतो. काही दिवसांनी पाणी दुसऱ्या कोपऱ्यातून येऊ लागतं. पाणी दिसतं ती जागा आणि पाणी निघतं ती जागा बहुतेक वेळा एक नसते. मधली वाट भिंतीत, मातीत, दगडाच्या फटींत लपलेली असते. सगळं न खोदता ती शोधायची कशी? या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर दीडशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात शोधलं गेलं. तिथे प्रश्न ओलीचा नव्हता, जिवाचा होता.

बाझल शहराजवळचं लाउझेन हे तेव्हा सुमारे ७८० वस्तीचं गाव. १८७२च्या ऑगस्ट महिन्यात तिथे विषमज्वराची साथ आली. पहिल्या दिवशी १० जण आजारी, पुढच्या नऊ दिवसांत आणखी ५७. ऑक्टोबरअखेर रुग्णांची संख्या १३०वर गेली, म्हणजे दर सहा माणसांत एक. आजार गावभर पसरला, पण ज्या सहा घरांना स्वतःच्या विहिरी होत्या, ती वाचली. बाकीचं गाव डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याचं पाणी पीत होतं. संशय झऱ्यावर आला. पण झऱ्याचं पाणी तर नितळ होतं!

डॉ. हेगलर यांनी तपास सुरू केला. डोंगराच्या पलीकडे, फुर्लर खोऱ्यात, एक शेतघर होतं. तिथे जून महिन्यात एक शेतकरी विषमज्वराने आजारी पडला होता आणि त्याच्यामागून घरातले आणखी काही जण. तिथली घाण जवळच्या ओढ्यात जात होती. जुलैच्या मध्यात याच ओढ्याचं पाणी कुरणांना सोडलं होतं. त्यानंतर तीन आठवड्यांनी लाउझेनमध्ये साथ आली. विषमज्वराची लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, तेव्हा काळाचा हिशोब जुळत होता. पण मध्ये अख्खा डोंगर उभा होता.

इथे एक जुनी आठवण उपयोगी पडली. दहा वर्षांपूर्वी त्या ओढ्याकाठी जमीन खचून एक भोक पडलं होतं. ओढा त्यात वळवला, तेव्हा पाणी गडप झालं आणि थोड्याच वेळात लाउझेनचे आटलेले झरे वाहू लागले. ते भोक आता पुन्हा उघडण्यात आलं. ओढा आत सोडल्यावर काही तासांत गावातलं पाणी वाढलं. मग सुमारे ९०० किलो मीठ विरघळवून भोकात ओतलं. गावातल्या पाण्यात मिठाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. डोंगराखालून वाट होती, हे सिद्ध झालं.

एखादा इथेच थांबला असता. पण आणखी एक प्रश्न उरला होता. ही वाट नळीसारखी मोकळी आहे, की पाणी वाळू-मातीतून झिरपत, गाळलं जात येतं? त्यासाठी सुमारे अडीच टन पीठ पाण्यात कालवून त्याच भोकात सोडलं. लाउझेनच्या पाण्यात पिठाचा मागमूस लागला नाही. पाणी गढूळसुद्धा झालं नाही.

मीठ पाण्यात विरघळतं, म्हणून पाणी जाईल तिथे जातं. पीठ विरघळत नाही, त्याचे कण अडकतात. म्हणजे डोंगर पाणी गाळत होता, आणि तरीही आजार पलीकडे पोचला होता! विषमज्वराचा जंतू १८८०मध्ये एबर्टने पाहिला, तेव्हा यातलं कोडं उलगडायला मदत झाली. हा जंतू दोन-तीन मायक्रॉन लांबीचा, तर गव्हाच्या स्टार्चचे मोठे कण २०-३० मायक्रॉनचे असतात. पीठ अडवणारी चाळण जंतूला अडवेलच असं नाही. नितळ पाणी शुद्ध असतंच असं नाही, हा धडा लाउझेनने महाग किंमत देऊन दिला.

मिठाची अडचण अशी, की ते पोत्यांनी लागतं. १८७१मध्ये आडोल्फ फोन बायर यांनी फ्लुरोसिन हा रंग तयार केला. तो निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश बाहेर टाकतो, त्यामुळे अगदी विरळ द्रावणातही ओळखू येतो. जर्मनीत इमेन्डिंगेनजवळ डॅन्यूब नदीचं पाणी चुनखडकात मुरतं. कोरड्या दिवसांत पात्र पार सुकतं आणि खालच्या गिरण्या बंद पडतात. ही छिद्रं बुजवावीत, असं त्यांच्या मालकांचं म्हणणं होतं. दक्षिणेला १२ किलोमीटरवरच्या आख झऱ्याकाठच्या कारखानदारांचा त्याला विरोध होता. १८७७च्या ऑक्टोबरमध्ये भूवैज्ञानिक क्नोप यांनी १० किलो रंग त्या छिद्रांत ओतला. सुमारे ६० तासांनी आखचं पाणी हिरवं चमकू लागलं. काळ्या समुद्राकडे निघालेलं पाणी ऱ्हाइनमार्गे उत्तर समुद्राला जात होतं! भांडण मात्र मिटलं नाही. ते १९२७मध्ये न्यायालयापुढे गेलं. आपल्या सोयीसाठी पाण्याच्या नैसर्गिक वाटेत ढवळाढवळ करू नये, असं दोन्ही बाजूंना बजावलं गेलं.

आता पुन्हा तळघरात येऊ. आधी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे पाहावं. काटा फिरत असेल तर गळती पुरवठ्याच्या नळात आहे. ओल्या भिंतीचा भाग पुसून कोरडा करावा आणि त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा कडेने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब बाहेरच्या बाजूला आले तर ती हवेतली वाफ, आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येते आहे. वरच्या न्हाणीघरावर संशय असेल तर मोरीत रंगीत पाणी ओतून वाट पाहावी. एका वेळी एकाच जागी, नाहीतर रंग कुठला ते कळणार नाही.

रंग दिसला तर वाट आहे. दिसला नाही तर? वाट नाही असं लगेच म्हणता येत नाही. रंग मातीने धरून ठेवला असेल, विरळ झाला असेल, किंवा आपण पुरेसं थांबलो नसू. वर्गात वाळूने भरलेल्या नरसाळ्यातून एकदा मिठाचं आणि एकदा पिठाचं पाणी सोडून पाहा. खाली आलेलं पाणी सिल्व्हर नायट्रेटने आणि आयोडीनने तपासा. मग मुलांना विचारा: पीठ आलं नाही, तर हे पाणी पिण्याजोगं आहे का?