ब्लूजची गिटार : किंमत आणि पारख

मिरजेत तंबोरा घ्यायला गेलेला जाणता गवई भोपळ्यावरच्या नक्षीला भुलत नाही. तो जवारी ऐकतो. अमेरिकेतील ब्लूज या गानप्रकारासाठी भारी किमतीची गिटार निवडतानाही हाच न्याय लावावा लागतो. तो का, हे त्या वाद्याच्या इतिहासावरून उमगते.

१८६५ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली. पण मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातील कृष्णवर्णीय कुळांचे दैन्य संपले नाही. त्यांच्या सुखदुःखातून विसाव्या शतकाच्या आरंभी ब्लूज आकाराला आला. या गायकांच्या हाती बहुधा स्वस्तातली गिटार येई. शिकागोच्या सिअर्स रोबक कंपनीच्या सूचीपत्रावरून टपालाने मागवलेल्या गिटारी खेडोपाडी पोहोचत. जर्सी सिटीच्या ऑस्कर श्मिट कारखान्यातली ‘स्टेला’ तर विशेष लोकप्रिय. लेडबेली या विख्यात गायकाची बारा तारांची गिटार स्टेलाच होती.

या स्वस्त गिटारींच्या पोटात, वरच्या फळीला आधार देणाऱ्या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या बसवलेल्या असत. करायला सोपे, म्हणून दामही कमी. परंतु अशा वाद्याचा नाद चटकन उसळतो आणि चटकन विरतो. १८३३ मध्ये स्थापन झालेल्या मार्टिन कंपनीने रूढ केलेल्या फुलीसारख्या रचनेत नाद अधिक भरदार होतो व लांबतो.

ब्लूज वाजवताना अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो आणि त्याच वेळी बोटे वरच्या तारांवर गाण्याला उत्तर देतात. खर्ज रेंगाळला की वरचे सूर बुडतात. शिवाय शुद्ध आणि कोमल गंधारामधली जी जागा ब्लूजचा प्राण, ती तार ओढून, म्हणजे आपल्या मींडेसारखी, काढावी लागते. म्हणून स्वस्त वाद्याचा तो कोरडा, तुटक नादच पुढे या संगीताचा आदर्श ठरला. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ व १९३७ मध्ये मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो वारला. त्याच्या सुप्रसिद्ध छायाचित्रात दिसणारी ‘गिब्सन एल-१’ ही त्या कंपनीच्या साध्या, लहान अंगाच्या गिटारींपैकी एक. आज हाच नाद साधण्यासाठी कुशल कारागीर शिडीच्या पट्ट्यांच्या महागड्या गिटारी घडवतात!

मग भारी वाद्य निरुपयोगी काय? तसेही नव्हे. एरिक क्लॅप्टनने १९९२ मध्ये दूरदर्शनच्या कार्यक्रमात ब्लूज गाणी १९३९ च्या मार्टिन गिटारीवर वाजवली. २००४ च्या लिलावात तिला ७,९१,५०० डॉलर मिळाले. परंतु एवढी किंमत वाजवणाऱ्याच्या कीर्तीची असते. काही वेळा ती लाकडाच्या दुर्मिळतेचीही असते. ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत.

तेव्हा पारख करणाऱ्याने नक्षी आणि नाममुद्रा क्षणभर विसरावी. अंगठ्याने जोरात ठेका धरावा. खर्जाच्या वर बोटांचे सूर स्वच्छ ऐकू येतात का, तार ओढल्यावर सूर मनाजोगा वळतो का आणि सोडल्यावर जागेवर परततो का, हे पाहावे. कापसाच्या शेतात राबणाऱ्या माणसाने स्वस्तातल्या वाद्यावर याच कसोट्या लावून ठेवल्या आहेत.