मृण्मयी (नाव)

मृण्मयी हे मराठी व बंगाली भाषकांत आढळणारे, मुळात संस्कृत असलेले स्त्रीनाम आहे. ‘मातीची’, ‘मृत्तिकेपासून घडलेली’ हा त्याचा अर्थ. महाराष्ट्रात ते परिचित असले, तरी सर्रास ठेवले जाणारे नाव नव्हे. बाळाच्या नावांच्या काही याद्यांत ‘हरिणीसारख्या डोळ्यांची’ असा अर्थ दिलेला दिसतो, तो ‘मृग’ या शब्दाशी झालेल्या गल्लतीतून आला असावा. ‘मृणाल’ (कमळाचा देठ) या नावाशीही याचा संबंध नाही.

व्युत्पत्ती आणि ‘ण’चा प्रश्न

‘मृद्’ (माती) या शब्दाला ‘मय’ हा प्रत्यय लागून हे नाव सिद्ध होते. प्रत्ययाच्या आरंभी अनुनासिक असल्यामुळे आधीच्या व्यंजनाच्या जागी त्याच वर्गातील अनुनासिक येते. वाक् + मय = वाङ्मय, चित् + मय = चिन्मय. त्याच न्यायाने मृद् + मय = मृन्मय असे रूप होते. ‘ऋ’नंतर येणाऱ्या ‘न’चा पुष्कळदा ‘ण’ होतो, हे खरे. पण पाणिनीच्या नियमानुसार पदाच्या अंती असलेल्या ‘न्’ला हा बदल लागू होत नाही, आणि येथे तो पदान्तीच मानला जातो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील वरुणसूक्तात मातीच्या घराला ‘मृन्मय’ असेच विशेषण आहे. तात्पर्य, व्याकरणाच्या कसोटीवर ‘मृन्मयी’ हे रूप अधिक शुद्ध ठरते. मराठीत मात्र ‘मृण्मयी’ हेच रूप रूढ झाले आहे. ते आज चुकीचे म्हणणे म्हणजे निव्वळ पंडिती हट्ट होईल. बंगाली लेखनात ‘न’ टिकून आहे.

उच्चार

मराठीत ‘ऋ’चा उच्चार ‘रु’ होतो, म्हणून ‘म्रुण्-म-यी’. हिंदीत ‘रि’ होतो, म्हणून ‘म्रिण्मयी’ किंवा ‘म्रिन्मयी’. बंगालीत ते ‘म्रिन्मोयी’सारखे ऐकू येते. आरंभीचे ‘म्र’ हे जोडाक्षर लहान मुलांना जड जाते व स्वरभक्ती होऊन ‘मुरुण्मयी’ असा उच्चार कानी पडतो. लिहिताना ‘म्रुण्मयी’ असे लिहिणे मात्र अशुद्ध होय.

या उच्चारभेदाचा खरा जाच रोमन लिपीत होतो. मराठी वळणाने ‘म’, ‘र’नंतर ‘यू’ हे अक्षर येते, हिंदी-बंगाली वळणाने ‘आय’. शेवटच्या ‘यी’साठी कोणी दोन ‘ई’ लिहितात, कोणी एक ‘आय’. अमृता, ऋजुता या नावांचीही हीच कथा आहे. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि पारपत्र यांवर निरनिराळी वर्णरचना पडल्यास पुढे प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील नामबदलाची खटपट करावी लागू शकते. जन्माची नोंद नावाशिवाय करून नाव मागाहून भरण्याची सोय १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात आहे. तेव्हा रोमन वर्णरचना एकदाच ठरवून घेण्यास अवधी मिळतो.

प्रसार

भारतात नवजात बालकांच्या नावांची अधिकृत वार्षिक क्रमवारी प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे नावाचा प्रसार साहित्य व कलाक्षेत्रातील त्याच्या वावरावरूनच जोखावा लागतो.

बंगालमध्ये दुर्गेच्या मातीच्या मूर्तीला ‘मृन्मयी’ म्हणतात. बांकुडा जिल्ह्यातील विष्णुपूर येथे मल्ल राजांनी स्थापिलेले याच नावाच्या देवीचे मंदिर असून परंपरा त्याचा काळ इ. स. ९९७ सांगते. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘समाप्ती’ (१८९३) या कथेची अवखळ नायिका मृन्मयीच. सत्यजित राय यांच्या ‘तीन कन्या’ (१९६१) या चित्रपटात ती भूमिका अपर्णा सेन यांनी केली.

मराठीत गो. नी. दांडेकर यांची ‘मृण्मयी’ ही कादंबरी सुपरिचित आहे. अलीकडच्या पिढीत ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) व ‘नटसम्राट’ (२०१६) या चित्रपटांतील अभिनेत्री मृण्मयी देशपांडे आणि ‘थप्पड’ (२०२०) या हिंदी चित्रपटाच्या सहलेखिका मृण्मयी लागू यांच्यामुळे हे नाव घरोघरी ऐकू आले. ‘मृण्मय’ हे पुल्लिंगी रूप बंगालीत मुलांना ठेवतात. मराठीत ते विरळाच.